सशांच्या डॉक्टरीणबाई: साडेचार तारे, अर्धा सुबाभळीपायी कापला

पहिल्या भेटीचे साडेसातशे घेतले आणि औषध एका पैशाचं दिलं नाही. वर मलाच गृहपाठ देऊन गेल्या. त्या रात्री मी आमच्या ह्यांना म्हटलं, "एवढे पैसे समुद्रात टाकले असते तर निदान पाय तरी भिजले असते." ही जून 2024 ची गोष्ट. त्यानंतर दिवाळीला आमच्याकडे सशाची पिल्लं झाली, त्यांचे फोटो मी सगळ्या नातेवाइकांना पाठवले, आणि तेव्हापासून "आमचेपण ससे पिल्लं देत नाहीत, तुमच्या डॉक्टरांचा नंबर द्या" असे फोन सुरू झाले. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगून माझा घसा बसतो. म्हणून एकदाच लिहून टाकते.

मॅडमचं नाव लिहीत नाही, त्यांनीच नको म्हटलंय. एकट्या आहेत, गाईम्हशींची कामंच उरकत नाहीत. दापोलीत गुरं असलेल्या कुणालाही "सशांचंही बघतात त्या" असं विचारा, लगेच कळेल.

आमची कर्द्याला चार खोल्यांची राहण्याची सोय आहे. पाहुण्यांची मुलं पहिला दिवस समुद्रात काढतात, दुसऱ्या दिवशी दुपारी आई-बाप झोपले की कंटाळून अख्खं खळं डोक्यावर घेतात. त्यांच्यासाठी काहीतरी असावं म्हणून 2023 च्या दिवाळीनंतर ससे घेतले. घाटावरून टेम्पो घेऊन एक विक्रेता येतो, त्याच्याकडून. एक नर, तीन माद्या, जात न्यूझीलंड व्हाईट, वय चार महिने, सोबत दोन कप्प्यांचा जाळीचा पिंजरा, सगळं मिळून अकरा हजार. तो म्हणाला, "ताई, सशांना काही शिकवावं लागत नाही. सहा महिन्यांनी मोजता यायचे नाहीत." पिंजऱ्याबद्दल एवढंच सांगते की शिमग्यापर्यंत त्याच्या जाळीला गंज धरला होता. खाऱ्या वाऱ्याला आमच्याकडे दाराच्या कड्यासुद्धा पुरत नाहीत, त्यामुळे सगळा दोष त्याला देत नाही, पण मादीने व्यायचं कुठे याची पेटी त्यात नव्हती आणि ती लागते हे त्याने सांगितलंही नव्हतं.

नावं माझ्या पुतणीने ठेवली. नर खंड्या. माद्या जाई, जुई आणि शेवंती. यातली शेवंती पहिल्यापासून भांडखोर. जरा मोठी झाल्यावर सारखी जाईच्या अंगावर चढायची. म्हणून तिला वेगळी काढून फणसाखालच्या जुन्या खुराड्यात ठेवली. हे लक्षात असू द्या.

फेब्रुवारीत खंड्याला जाई-जुईच्या कप्प्यात सोडला. जुईने त्याच्या नाकाचा असा चावा घेतला की तो कोपऱ्यात जाऊन बसला तो बसलाच. शेवंतीकडे सोडला तर तिथे महाभारत. कान फाटून घेऊन आला. मार्चमध्ये पुन्हा, एप्रिलमध्ये पुन्हा, काही नाही. मे महिन्यात एके सकाळी जाई तोंडात गवत घेऊन फिरतेय आणि छातीचे केस उपटून कोपऱ्यात गादी करतेय. सगळं घर पिंजऱ्यापुढे. आमच्या सासूबाईंनी तर डिंकाच्या लाडवाची गोष्ट काढली, सशाला! दोन दिवस गेले, चार दिवस गेले, पिल्लू नाही. त्या केसांच्या गादीवर जाईच पसरून झोपायला लागली.

मग सल्ले सुरू झाले. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली, आणि देवळात गेल्या तेव्हा गुरवाकडून गाऱ्हाणंही घालून घेतलं: बा देवा महाराजा, सशांच्या वंशाला फळ दे. गुरव हसला नाही, याबद्दल त्याला मानलं पाहिजे. पशुखाद्याच्या एका दुकानातून मी गाभण राहण्याची पावडर आणली, 340 रुपये; घरी येऊन वाचलं तर डब्यावर गाईचं चित्र आणि माप दिवसाला पन्नास ग्रॅम. माझी अख्खी जुई तेव्हा साडेपाच किलोची. शेजारच्या भाऊंचं म्हणणं वेगळंच: "गो वहिनी, ह्यांच्यात रक्त नाय उरला. रानातला ससा धरून आणतो, तो सोड आत." आणि एका मेडिकलवाल्याने "आत इन्फेक्शन असेल" म्हणून माणसांच्या अँटिबायोटिकच्या कॅप्सूल हातावर ठेवल्या, पाण्यातून द्या म्हणून. देवाची कृपा, मी त्या दिल्या नाहीत. का ते पुढे येईल.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला पाऊस पडला आणि मॅडम आल्या. वेळ सकाळी दहाची दिली होती, आल्या साडेबाराला, आसूदच्या पुढे कुणाची म्हैस अडली होती म्हणून. आल्या त्या सशांकडे गेल्याच नाहीत. खळ्यात खुर्ची टाकून बसल्या, चहा घेतला आणि वही काढली. नर कुठल्या तारखेला सोडला? किती वेळ? कोण कुणाच्या पिंजऱ्यात गेलं? प्रत्यक्ष लागलेलं कुणी पाहिलं का? नर बाजूला धपकन पडला का? मला एकाही प्रश्नाचं धड उत्तर देता येईना. तारीख म्हणाल तर "शिमग्याच्या आधी", वेळ म्हणाल तर "रात्रभर असेल". त्या म्हणाल्या, "काकू, मग चार महिन्यांत तुम्ही एकदाही ससे भरवलेले नाहीत. नुसते एकत्र ठेवलेत." मला राग आला. खरं होतं म्हणून जास्त.

मग त्यांनी जे समजावलं ते मला कुणी पन्नास वर्षांत सांगितलं नव्हतं, आणि सांगणार तरी कोण. गाय ठरावीक दिवसांनी माजावर येते, सशाच्या मादीचं तसं नाही. नर लागल्याशिवाय तिचं बीज सुटतच नाही. लागल्यानंतर साधारण दहा तासांनी सुटतं. म्हणून "माजाची वाट बघतोय" असं म्हणत बसण्यात अर्थ नसतो. पण ती तयार आहे की नाही हे बघता येतं: शेपटीखालची जागा लालसर-जांभळी आणि फुगीर असेल तर तयार, फिकी पांढरट असेल तर सोडू नका, भांडेल. आणि नेहमी मादीला नराच्या पिंजऱ्यात न्यायचं. मादी आपल्या जागेची मालकीण असते, तिथे आलेल्या नराला ती परका समजते. जुईने खंड्याचं नाक का फोडलं ते कळलं. बिचाऱ्याला आम्ही घरजावई करून पाठवत होतो.

जाईच्या केस उपटण्याचा उलगडाही तिथेच झाला. जाई आणि जुई एकाच कप्प्यात. माद्यासुद्धा एकमेकींवर चढतात, आणि तेवढ्याने बीज सुटतं. मग शरीराला वाटतं गाभण आहे. सोळा-अठरा दिवस हे नाटक चालतं, शेवटी ती गादीसुद्धा करते, आणि त्या काळात खरा नर दाखवला तरी ती घेत नाही. "दोघींना वेगळं करा, आजच्या आज," म्हणाल्या. गंजलेल्या जाळीचं दुसरं काही नाही तरी मध्ये फळी लावून तिसरा कप्पा झाला.

एवढं झाल्यावर एकेकाला उचलून मांडीवर उताणं घेतलं. हे बघण्यासारखं असतं. एका हाताने मानेमागची कातडी आणि कान, दुसऱ्या हाताने बूड पेललेलं. नुसत्या कानांना धरून उचलल्याबद्दल मला ओरडा बसला. खंड्या झाला, जाई झाली, जुई झाली. आजार पसरलेला नाही ना हे पाहायला शेपटीखाली फोड, खपल्या शोधल्या. सशांनाही नरमादीतून एकमेकांना लागणारा उपदंशासारखा रोग असतो म्हणे, आणि तो असला तर एकाला औषध देऊन भागत नाही, सगळ्यांना द्यावं लागतं. आमच्यात नव्हता. इथेच मी त्या कॅप्सूल दाखवल्या. त्यांनी पाकीट हातात घेऊन वाचलं आणि सरळ पिशवीत टाकलं. पेनिसिलिनच्या कुळातलं औषध सशाला तोंडावाटे दिलं तर आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि ससा हगवणीने जातो. इंजेक्शनने देता येतं, तेही डॉक्टरांनी. मी दोन मिनिटं गप्प बसले.

शेवटी शेवंती. मॅडमनी उताणी केली, अंगठ्याने जरा दाबलं आणि माझ्याकडे बघितलं. "काकू, ही शेवंती कोण म्हणालं?" म्हणजे विकणारा म्हणाला. लहानपणी फरक कळणं अवघड असतं हे त्यांनी कबूल केलं. मादीला उभी चीर दिसते, नराची गोल नळीसारखी बाहेर येते, तीन-चार महिन्यांच्या आत चुकणारे भरपूर. पण आमचं हे ध्यान दहा-अकरा महिन्यांचं झालं होतं आणि वृषण सरळ दिसत होते. जाईवर चढायची, खंड्याशी कान फाटेस्तोवर भांडायची, सगळा कारभार डोळ्यांसमोर, आणि आम्ही म्हणतोय शेवंती भांडखोर. आमचे हे हसून हसून खुर्चीवरून पडायचे बाकी होते. सासूबाईंनी मात्र नाव बदलू दिलं नाही, त्यामुळे आजही तो शेवंतीच आहे आणि पाहुण्यांना मी दर वेळी हे सगळं सांगते.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी मी हे लिहितेय. आमचा सशांचा गोठा पश्चिमेला आहे, वर पत्रा. पूर्वी त्यावर मोठा रायवळ आंबा होता. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात तो आडवा झाला, त्याच्याबरोबर वाडीतली निम्मी पोफळ गेली. तेव्हापासून पत्र्याला सावली नाही. मॅडमनी पिशवीतून साधा भिंतीवरचा थर्मामीटर काढून खंड्याच्या पिंजऱ्याला टांगला. पाऊस पडून गेलेला, आभाळ होतं, तरी 32. "मे महिन्यात दुपारी इथे किती असेल?" मी म्हटलं, पत्र्याला हात लावला तर भाजायचा. त्या म्हणाल्या, मग नराला दोष देऊ नका. सशाला घाम येत नाही, कानांतून काय उष्णता जाईल तेवढीच. तापमान सतत तिशीच्या वर राहिलं की नराचं बीज बिघडतं, कधी कधी पार संपतं. नर वरून धडधाकट दिसतो, लागतोसुद्धा, पण उपयोग शून्य. आणि गारवा आला म्हणून दुसऱ्या दिवशी दुरुस्त होत नाही. नवं बीज तयार व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात. म्हणजे पाऊस जूनमध्ये आला तरी खंड्या ऑगस्टपर्यंत कामाचा नाही.

हे ऐकून माझ्या मनात काय काय येऊन गेलं सांगते. चार महिने सगळं घर माद्यांकडे बोट दाखवत होतं. सासूबाई तर जाईला "वांझोटी" म्हणूनच हाक मारायला लागल्या होत्या. खंड्याला कुणी एका शब्दाने बोललं नाही, उलट त्याला "ताकद यावी" म्हणून शेंगदाणे. मॅडमना मी हे बोलून दाखवलं. त्या वहीत लिहीत होत्या, वर न बघता म्हणाल्या, "गाईंचं पण तेच असतं, काकू."

जुईचं वेगळंच. तिला मांडीवर घेऊन पाठीचा कणा चाचपला तर हाड लागेना. पर्यटकांच्या मुलांनी बिस्किटं, पोळ्या, गाजरं घालून घालून साडेपाच किलो केलेली. चरबी अंडाशयाभोवती साठली की मादी धरत नाही, आणि धरली तरी व्यायला अडते. तिचा खुराक मोजून अर्ध्यावर, गवत पाहिजे तेवढं, बिस्किट बंद. मी पिंजऱ्यावर पाटी लावली: "जुई उपवास करत आहे." मुलं पाटी वाचून मग बिस्किट घालायची. शेवटी दुपारी पडदा टाकायला लागले.

त्या दिवशीचा गृहपाठ असा: पत्र्यावर झाप अंथरायचे आणि उन्हाळ्यात त्यावर गोणपाट भिजवून टाकायचं. दुपारी प्रत्येक पिंजऱ्यात बर्फ झालेली पाण्याची बाटली ठेवायची, ससा तिला टेकून बसतो. ऑगस्टच्या मध्यापर्यंत कुणाला कुणाकडे सोडायचं नाही. वही घालायची, तारखेसकट. पावसाळ्यात गोठ्यात अंधार असतो म्हणून पहाटे आणि संध्याकाळी मिळून दिवस चौदा-सोळा तासांचा होईल एवढा दिवा लावायचा, कारण उजेड कमी झाला की माद्या मंदावतात. (मॅडम दापोलीत राहतात. जुलैमध्ये कर्द्याला वीज किती वेळ असते हे त्यांना मी नंतर सांगितलं.) आणि पेंड वास घेऊन घालायची, पावसात शेंगदाण्याच्या पेंडीला बुरशी येते, तिचं विष यकृतावर जातं आणि गर्भही टिकत नाही. आमच्या पोत्याचा तळ हिरवा निघाला.

भाऊंच्या रानसशाबद्दलही विचारलं, ते तिथेच उभे होते म्हणून. मॅडम म्हणाल्या, पाळीव ससा मूळचा स्पेनकडचा, बिळात राहणारा. त्याची पिल्लं नागडी आणि मिटल्या डोळ्यांची जन्मतात. आपल्या रानातला ससा उघड्यावर राहतो, पिल्लं केसांसकट, डोळे उघडे. एकाची गुणसूत्रं 44, दुसऱ्याची 48. दोघांचं जमत नाही. शिवाय रानातला ससा धरणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा. भाऊ म्हणाले, "मी आपला सुचवलंन." आणि चहा घ्यायला पडवीत गेले.

दुसरी भेट ऑगस्टमध्ये. इथेच मी अर्धा तारा कापला आहे. जुई बारीक होऊन चार किलोवर आली होती, पण तिघांचे केस झडत होते आणि माद्यांची जागा अजून फिकी. मॅडम बुचकळ्यात. रक्त काढू म्हणाल्या. तेवढ्यात आमचा गडी नेहमीचा भारा घेऊन आला आणि त्या उभ्याच राहिल्या. "हे रोज घालता?" सुबाभूळ. कुंपणाला आहे, शेळ्यांना घालतात, सशांनाही तोच पाला. त्यात मिमोसिन नावाचं द्रव्य असतं. शेळीच्या पोटातले जंतू ते मोडू शकतात, सशाला ती सोय नाही. केस झडतात, वाढ खुंटते, गर्भधारणेवर परिणाम होतो. जूनमध्ये त्यांनी "पाला काय घालता" असं विचारलं होतं, मी "कुंपणाचा" म्हटलं होतं आणि त्यांनी पुढे विचारलं नव्हतं. चूक अर्धी माझी. पण प्रश्न विचारण्याचेच साडेसातशे घेतात ना? दोन महिने त्यात गेले. हे मी त्यांच्या तोंडावर म्हटलं. त्यांनी "बरोबर आहे" म्हटलं आणि त्या भेटीचे पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून रताळ्याचे वेल, शेवग्याचा पाला आणि मुख्य म्हणजे गवत.

25 ऑगस्टला जाईची जागा जांभळट लाल. तिला नेली शेवंतीकडे. फणसाखाली तो उन्हाळाभर सावलीत होता म्हणून आधी त्याचा नंबर, असं मॅडमचं गणित. अर्ध्या मिनिटात काम. शेवंती एक बारीक आवाज काढून खरंच बाजूला धपकन पडला. मी वहीत लिहिलं. तासाभराने पुन्हा एकदा दाखवली, त्यांनीच सांगितलं होतं. बाराव्या दिवशी पोट चाचपायला त्या आल्या, तो दिवस हरतालिकेचा. घरात चाकरमानी आलेले, मखराचं काम चाललेलं, माझा उपास. मॅडम गोठ्यात, जाईच्या पोटाखाली हात. बोटांनी अगदी हलकं, दोन्ही बाजूंना, कारण सशाचं गर्भाशय दोन वेगळ्या शिंगांचं असतं. "द्राक्षाएवढे लागतायत. चार, पाच तरी." मला हात लावू दिला नाही, नवख्याने दाबलं तर गर्भ जातो.

पुढची गोष्ट लिहायला जड जातं. ससा साधारण 31 दिवसांत वितो. अठ्ठाविसाव्या दिवशी पेटी ठेवायची, वहीत लाल शाईने लिहिलं होतं, 22 सप्टेंबर. तो रविवार, चारही खोल्या भरलेल्या, स्वयंपाकघरात सुरमई तळता तळता मी विसरले. सोमवारी विसरले, मंगळवारी पेटी सुताराकडे तयारच नव्हती. पंचविसाच्या पहाटे जाई जाळीवर व्याली. पाच पिल्लं, जाळीवर विखुरलेली, थंड. सासूबाई पहिल्यांदा पोचल्या होत्या. त्यांनी पाचही आपल्या लुगड्याच्या पदरात घेऊन चुलीजवळ बसवून ठेवली होती तासभर. एकही हललं नाही.

मॅडमना फोन केला. ओरडल्या नाहीत. जाईचे स्तन कडक होतायत का बघायला सांगितलं, खुराक दोन दिवस कमी, आणि पुढच्या वेळी दोघी माद्या एक-दोन दिवसांच्या अंतराने भरवा म्हणाल्या. का, ते दिवाळीत कळलं.

4 ऑक्टोबरला जाई पुन्हा शेवंतीकडे, 6 ला जुई खंड्याकडे. ऑक्टोबरचं ऊन होतंच, पण झाप, गोणपाट, बाटल्या. दुपारी काटा 31 च्या वर जाऊ दिला नाही. या वेळी पेट्या आठवडाभर आधीच तयार, आत भाताचा पेंढा. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी जाईला सहा झाली, दोन दिवसांनी जुईला नऊ. जुईला सड आठ. आता कळलं ना? जुईची दोन पिल्लं रात्री जाईच्या पेटीत सरकवली, तिच्याच केसांत जरा घोळवून. जाईने निमूट घेतली. तिच्या पेटीत आठ, जुईकडे सात.

आणि लगेच घरात नवा गोंधळ: आई पेटीत जातच नाही! दिवसभर बाहेर बसून गवत खाते. सासूबाईंनी कापसाचा बोळा आणि गाईचं दूध तयार ठेवलं. मी मॅडमना रात्री नऊला फोन केला. म्हणाल्या, "दूध घालू नका. सशीण दिवसातून एकदा, फार तर दोनदा पाजते, तेही तीन-चार मिनिटं, बहुतेक पहाटे. सकाळी पोटं बघा. गोल टम्म असतील तर पाजलंय, सुरकुतलेली असतील तर मला सांगा." सकाळी तेराची पोटं टम्म, दोघांची सुरकुतलेली. ती दोन तिसऱ्या दिवशी गेली. बाकीच्या तेरांचे दहाव्या-अकराव्या दिवशी डोळे उघडले.

तर हिशेब. तीन भेटींचे दोनचे पैसे, दर भेटीला साडेसातशे, दापोलीबाहेर पेट्रोलचे शंभर वेगळे. औषधाला खर्च शून्य. पावडरीचा डबा अजून पडून आहे, गाय असलेल्या कुणाला हवा असेल तर घेऊन जा. वेळ पाळतील या भरवशावर राहू नका, अडलेली म्हैस सशाच्या आधी असते आणि ते बरोबरच आहे. रविवारी फोन बंद असतो. पिल्लांमधले नर-मादी पारखून द्यायचं वेगळं काही घेत नाहीत. आमची पारखताना प्रत्येकाच्या कानात पेनाने खूण करून दिली, कारण शेवंतीची गोष्ट आता त्याही सगळ्यांना सांगतात.

बोलवायच्या आधी तारखा लिहून ठेवा, रोज घालता त्या पाल्याची एकेक फांदी समोर ठेवा, आणि कुत्रा बांधा. आमच्या मोत्याला बघून त्या दहा मिनिटं स्कूटीवरून उतरल्या नव्हत्या.